चौथ्या मजल्याच्या वर

व्यापारी कुटुंबांतून दानधर्माची परंपरा अखंड चालत आलेली आहे. पांजरपोळ असो, भोजनशाळा असो किंवा विद्यार्थ्यांचे वसतिगृह असो, निधीअभावी काम बंद पडले असे आपल्या समाजात सहसा घडत नाही. अडते ते दुसरीकडेच. पर्युषणात मोठ्या उत्साहाने बोली बोलणारा गृहस्थ वर्षभरात एखाद्या अडलेल्या कुटुंबाची पायरी किती वेळा चढतो, असे विचारले तर बहुधा एकच उत्तर येते: वेळ मिळत नाही. दुकान, कराची विवरणपत्रे, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, वडीलधाऱ्यांचे औषधपाणी यांतून वेळ उरत नाही ही तक्रार खोटी नव्हे. तरीही याच तक्रारीच्या कचाट्यात सापडलेल्या एका गृहस्थाने तिच्यातून कशी वाट काढली, हे समजून घेण्यासारखे आहे. तो आपल्या धर्माचा नव्हता, आपल्या देशाचा नव्हता आणि आपल्या शतकातीलही नव्हता. मात्र तो व्यापारी कायद्याचा प्राध्यापक होता, रेशमाच्या व्यापाऱ्याचा नातू होता, संसारी होता आणि एका लहान मुलीचा पिता होता. त्याचे नाव फ्रेडरिक ओझानाम.

ओझानाम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान येथे झाला. घराणे मात्र फ्रान्समधील लियाँ शहराचे. लियाँ म्हणजे त्या काळी रेशमी कापडाची मोठी पेठ. आई मारी ही तेथील रेशीम व्यापाऱ्याची कन्या होती. वडील झाँ-आंत्वान हे आधी नेपोलियनच्या सैन्यात होते, नंतर त्यांनी व्यापार करून पाहिला आणि शेवटी वैद्यकी पत्करली. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली. त्यांतील बहुतेक बालपणीच दगावली. अशा घरात सेवेला वेळ कोठून मिळणार, असे कोणालाही वाटावे. पण पतिपत्नी दोघेही गरीब रुग्णांच्या घरी नियमाने जात. उंच इमारतींच्या अगदी वरच्या मजल्यांवर सर्वांत गरीब माणसे राहत, कारण तेथील भाडे कमी असे. वय झाल्यावर दोघांनी एकमेकांना वचन दिले की यापुढे चौथ्या मजल्याच्या वर चढायचे नाही. पुढे एके दिवशी दोघांचीही गाठ पडली ती त्या मर्यादेच्या वरच, एका आजारी माणसाच्या दाराशी, असे कुटुंबात सांगितले जाई. या गोष्टीतील गोडवा खरा आहे, तसा धोकाही खरा होता. १८३७ साली एका गरीब रुग्णाला पाहण्यास गेले असता डॉक्टर ओझानाम जिन्यावरून पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

फ्रेडरिक कायद्याच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेला तो १८३१ मध्ये. पुढच्याच वर्षी शहरात कॉलऱ्याची मोठी साथ आली. एमान्युएल बाईयी नावाचे एक प्रौढ गृहस्थ वृत्तपत्र चालवीत आणि विद्यार्थ्यांच्या वादसभेलाही आश्रय देत. अशाच एका सभेत ख्रिस्ती धर्माच्या थोरवीवर बोलणे चालले असता विरुद्ध बाजूच्या एका तरुणाने आक्षेप घेतला की तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले हे मान्य, पण आज तुम्ही स्वतः काय करीत आहात? प्रश्न बोचरा होता आणि ओझानाम यांना तो रास्त वाटला. धर्मावर उत्तम व्याख्यान देणारे लोक सर्वच समाजांत असतात. असा प्रश्न विचारणारा मात्र फार थोड्यांना भेटतो.

त्या रात्री ओझानाम आणि त्याचा मित्र ऑग्युस्त ल तायांदिये यांनी आपल्या खोलीतील उरलेले सरपण उचलले आणि एका गरीब कुटुंबाला नेऊन दिले, अशी आठवण सांगितली जाते. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानाम यांच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि बाईयी अशा सात जणांची पहिली बैठक झाली. अध्यक्षपद बाईयींकडे, कारण सर्वांत वयस्कर तेच. खजिनदारही लगेच नेमला गेला. मंडळाला पुढे सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू संत व्हिन्सेंट दि पॉल यांचे नाव मिळाले.

उत्साह होता, पण गरिबांकडे जायचे कसे हे या मुलांना ठाऊक नव्हते. ते शिकविले सिस्टर रोझाली रेंद्यू यांनी. या जोगिणीने पॅरिसच्या मूफतार भागातील दरिद्री वस्तीत आपले आयुष्य घालविले होते. त्यांनी कुटुंबांची नावे दिली आणि भाकरीच्या चिठ्ठ्याही दिल्या. त्या दाखविल्या की पाव मिळे. पुढे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या चिठ्ठ्या छापल्या. पण चिठ्ठी हे केवळ निमित्त होते. ती घेऊन दार ठोठवायचे, आत बसायचे, बोलायचे, पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचे.

असे गेल्यावर काय दिसते, याचे एक उदाहरण ओझानाम यांच्या पहिल्या कुटुंबाचेच आहे. पाच मुलांची आई, नवरा दारुडा, घरात आलेला पैसा तो उडवी आणि तिला मारहाण करी. बाहेरून पाहणाऱ्याने येथे फक्त पैसे दिले असते आणि ते सर्व दारूच्या दुकानात गेले असते. कायद्याचा विद्यार्थी असलेल्या ओझानाम यांनी चौकशी केली तेव्हा त्यांचा विवाह कायद्याने झालेलाच नाही असे आढळले. ती बाई त्या माणसाशी बांधलेली नव्हती. त्यांनी सरकारी कचेरीत खटपट करून तिला मोकळे केले, मित्रांनी वर्गणी काढून तिला ब्रिटनी प्रांतात तिच्या आईकडे पाठविले आणि तिच्या मोठ्या मुलांना बाईयींच्या छापखान्यात काम मिळाले. या सर्वात खर्च झालेली रक्कम फार मोठी नसावी. लागली ती एका माणसाची विद्या आणि त्याचे घरी जाणे. ज्यांना हिशेब कळतो, करार वाचता येतो, बँकेचा किंवा विम्याचा अर्ज भरता येतो, अशी माणसे व्यापारी समाजात घरोघर आहेत, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

दोनच वर्षांत मंडळ शंभराच्या वर गेले आणि विभागावे लागले. जुन्या मित्रांना ते आवडले नाही. बैठकीत वाद झाला. ओझानाम विभागणीच्या बाजूचे होते. मंडळ लहान राहिले तरच प्रत्येकाला प्रत्येकाचे नाव ठाऊक राहील आणि प्रत्येकाच्या वाट्याला कुटुंब येईल, हा त्यामागील विचार पुढे टिकला. आजही या संस्थेचा मूळ घटक एखाद्या चर्चच्या परिसरातील लहानशी मंडळी हाच असतो.

वडिलांच्या मृत्यूनंतर घराचा भार फ्रेडरिकवर आला. आई आजारी होती. तो लियाँला परतला, मनाविरुद्ध वकिली करू लागला आणि १८३९ च्या अखेरीस तेथेच व्यापारी कायद्याचे अध्यापन त्याच्याकडे आले. त्याच वर्षी त्याने दान्तेवर प्रबंध लिहून साहित्यातील डॉक्टरेट मिळविली. आई त्याच शरदात वारली. आता प्रश्न उभा राहिला की पुढे काय? अनेक मित्रांची इच्छा होती की अशा तेजस्वी तरुणाने संसारात न पडता धर्मगुरू व्हावे. प्रख्यात धर्मोपदेशक लाकोर्देर हे त्यांतील प्रमुख. ओझानाम यांचे मनही बराच काळ दोलायमान होते. संसार पत्करला तर सेवा संपणार, ही भीती त्यांना होती. आपल्याकडे साधुजीवन आणि श्रावकजीवन यांच्या वाटा वेगळ्या मानल्या जातात, पण श्रावकाच्या वाटेलाही स्वतःचे व्रत असते हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. ओझानाम यांना ते उमगण्यास काही वर्षे जावी लागली.

त्यांच्या जुन्या शिक्षकांनी, नुआरो गुरुजींनी, त्यांना सरळ विवाहाचा सल्ला दिला. लियाँच्या विद्यापीठाचे प्रमुख सुलाक्रुआ यांच्या घरी ओझानाम भेटीस गेले असता त्यांची कन्या आमेली अपंग भावाची शुश्रूषा करीत बसलेली त्यांना दिसली. २३ जून १८४१ रोजी दोघांचा विवाह झाला. लाकोर्देर यांनी हळहळ व्यक्त केली की बिचारा ओझानाम सापळ्यात सापडला. पोप नववे पायस यांच्या कानी हे गेले, तेव्हा ते हसून म्हणाले की प्रभूने सात संस्कार स्थापिले असे आपण समजत होतो, सहा संस्कार आणि एक सापळा असे असल्याचे ठाऊक नव्हते! ही कथा युरोपात पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते.

विवाहानंतर ओझानाम पॅरिसच्या सॉर्बोनमध्ये परदेशी साहित्याचे अध्यापन करू लागले. व्याख्यानांची तयारी, परीक्षा, ग्रंथलेखन, देशोदेशींच्या मंडळांचा पत्रव्यवहार आणि त्यातच आठवड्याची ठरलेली घरभेट. आमेलीला आधी गर्भपाताचे दुःख सोसावे लागले होते. १८४५ मध्ये मारी नावाची मुलगी झाली आणि तीच एकुलती एक राहिली. एवढ्या व्यापात पत्नीचा वाटा कोठे गेला असेल, असा प्रश्न कोणत्याही सुज्ञ वाचकाच्या मनात येईल. समाजकार्यात रमलेल्या कित्येक पुरुषांच्या घरी हाच वाटा हरवलेला असतो आणि सत्काराच्या दिवशी तेवढा 'सौभाग्यवतींच्या सहकार्याचा' उल्लेख होतो. ओझानाम यांनी यावर एक साधा उपाय योजला होता. विवाह २३ तारखेचा, म्हणून दर महिन्याच्या २३ तारखेला ते आमेलीसाठी फुले आणीत. हा नियम बारा वर्षे चालला.

सेवा आणि संसार यांत घर्षण झाले नाही असे मात्र नाही. १८५२ च्या नववर्षदिनाची गोष्ट आमेलीने पुढे सांगितली म्हणून आपल्यापर्यंत पोहोचली. एक कुटुंब पूर्वी खाऊनपिऊन सुखी होते, ते हळूहळू खालावत गेले आणि शेवटी त्यांनी घरातील खणांचे कपाटही गहाण ठेवले. पूर्वीच्या बऱ्या दिवसांची तेवढीच एक खूण उरली होती. ते सोडवून नववर्षाची भेट म्हणून त्यांना परत करावे, असे ओझानाम यांच्या मनात आले. त्यांनी पत्नीला विचारले. आमेलीने समजावले की आपण त्यांना यापूर्वी पुष्कळ दिले आहे, आता आणखी खर्च नको. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. घरखर्चाचा हिशेब तीच सांभाळत होती आणि पतीचा हात किती सैल आहे हे तिला ठाऊक होते. ओझानाम यांनी ऐकले.

संध्याकाळी ते औपचारिक भेटीगाठी उरकून घरी परतले. टेबलावर छोट्या मारीला मिळालेल्या खेळण्यांचा आणि मिठाईचा ढीग पडला होता. त्यांनी मिठाईला हात लावला नाही. चेहरा उतरलेला पाहून आमेलीने विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की या खेळण्यांवर जेवढा पैसा उधळला गेला तेवढ्यात ते कपाट सुटले असते. आमेलीने त्यांना तत्काळ जाण्यास सांगितले. ते उठले, कपाट सोडवले, स्वतः त्या घरी पोचते केले आणि अगदी प्रफुल्ल होऊन परतले.

गहाणवटीचा व्यवहार आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, म्हणून या गोष्टीतील बारकावा आपल्याला चटकन कळावा. गहाण पडलेल्या वस्तूची बाजारातील किंमत एक असते आणि घरातील किंमत दुसरी. मंगळसूत्र, आजीचे कडे, दुकानातील जुना तराजू, यांचे मोल पावतीवर लिहिलेले नसते. रोख मदत करणाऱ्याला ती पावती दिसतच नाही. जो घरी जातो, ज्याला भिंतीलगतची मोकळी जागा दिसते, त्यालाच कपाटाची आठवण होते. आणखी एक. ओझानाम यांनी हा निर्णय पत्नीला डावलून घेतला नाही. ते दुपारभर थांबले आणि तिच्याच मुखातून 'जा' हा शब्द आल्यावर गेले. आनंद झाला तो दोघांनाही, आणि मारीच्या खेळण्यांतील एकही कमी झाले नाही.

१८४८ साली पॅरिसमध्ये कामगारांचे बंड उसळले. रस्तोरस्ती अडथळे उभारून लढाई चालली होती. ओझानाम आणि दोन मित्र पॅरिसचे मुख्य धर्मगुरू आर्चबिशप आफ्र यांच्याकडे गेले आणि मध्यस्थी करण्याची त्यांनी विनंती केली. आर्चबिशप २५ जून रोजी बंडखोरांकडे गेले आणि गोळी लागून दोन दिवसांनी मरण पावले. सद्हेतूने केलेली विनंती अशी फळाला आली, याचे ओझे वाहणे सोपे नसणार. पुढच्याच वर्षी कॉलरा परतला आणि मंडळाची माणसे पुन्हा त्याच वस्त्यांत शिरली.

ओझानाम यांची प्रकृती खालावत गेली. मूत्रपिंडाचा विकार जडला होता. हवापालटासाठी ते पत्नी आणि मुलीसह इटलीला गेले. अखेरचा उन्हाळा लिव्होर्नोजवळच्या आंतिन्यानो या समुद्रकाठच्या गावी गेला. २३ ऑगस्ट १८५३ रोजी त्यांना फारसे चालता येत नव्हते, तरी त्यांनी मर्टलच्या झुडपाची एक फांदी मागवून घेतली आणि आमेलीला दिली. त्यानंतर त्यांना जहाजाने मायदेशी आणले गेले आणि ८ सप्टेंबरला मार्सेलिस येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. मारी आठ वर्षांची होती. आमेली यानंतर ४१ वर्षे जगली आणि पतीची पत्रे व कागदपत्रे तिने जिवापाड जपली. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये ओझानाम यांना 'धन्य' घोषित केले. एका संसारी प्राध्यापकाला हा मान मिळाला.

त्यांचे मंडळ आज सुमारे दीडशे देशांत पसरले आहे. आरंभी ते पुरुषांपुरतेच होते. स्त्रियांसाठी इटलीतील बोलोन्या येथे १८५६ मध्ये वेगळी शाखा निघाली आणि दोन्ही शाखा एक होण्यास १९६७ साल उजाडावे लागले. आपल्या मुंबईतील अनेक चर्चमध्येही या मंडळाच्या शाखा आहेत. मुंबईच्या शेजारी, वसईत, कॅथॉलिक समाजाचे जीवन पाहिले तर ओझानाम यांची पद्धत तेथील हवेत का रुजावी हे लक्षात येते. पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती असलेला हा समाज मराठी बोलतो, त्याचे 'सुवार्ता' हे मासिक मराठीत निघते आणि त्या मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. शेतीवाडी, भाजीपाला, फुले आणि केळी यांचा व्यापार करणाऱ्या या कुटुंबांची सकाळही आपल्यासारखीच घाईची. पण धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्ती, हे त्यांच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र आहे. पापडी येथे १९१८ साली धर्मगुरू मोनीस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली पतपेढी पुढे बॅसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून नावारूपास आली. सावकाराच्या दारी जाणाऱ्याला शेजाऱ्याच्या ठेवीतून कर्ज मिळावे, हा सहकाराचा विचार आणि ओझानाम यांची घरभेट यांत नाते आहे. दोन्हींत देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात.

या मंडळाची कार्यपद्धती जगभर जवळपास एकच. ठरलेल्या दिवशी बैठक, प्रार्थना, गेल्या वेळच्या भेटींचा वृत्तान्त, इतिवृत्त, पुढील वाटणी. भेटीला नेहमी दोघांनी जायचे. एकट्याचा अंदाज चुकू शकतो, एकट्यावर संशय येऊ शकतो आणि एकट्याला कंटाळाही लवकर येतो. कित्येकदा हे दोघे म्हणजे पतिपत्नीच असतात. वेळ लागतो तो तास-दीड तास. ज्या घरी जायचे तेथील गोष्ट बाहेर बोलायची नाही, हा दंडक. आपल्याकडील साधर्मिक भक्तीच्या कार्यातही मदत घेणाऱ्याचे नाव झाकण्याची काळजी घेतली जाते. ज्याची पेढी काल आपल्या पेढीशेजारी होती आणि आज बंद पडली, अशा माणसाच्या घरी जाताना ही काळजी शतपटीने घ्यावी लागते. तेथे धान्याची पिशवी घेऊन छायाचित्रकारासह गेले तर तो माणूस पुन्हा दार उघडणार नाही.

बैठकीच्या शेवटी एक थैली फिरते. पॅरिसमधील विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवसांत टोपी फिरविली होती, तिचाच हा वारसा. प्रत्येक जण मिटलेली मूठ आत घालतो आणि उघडी बाहेर काढतो. कोणी किती टाकले हे शेजारच्याला दिसत नाही आणि ज्याच्या खिशात त्या दिवशी काहीच नसेल त्यालाही मान खाली घालावी लागत नाही. थैली रिकामी करून खजिनदार रक्कम मोजतो आणि वहीत नावांशिवाय एकच आकडा लिहितो.